सोनं, पाणी आणि वाळवंटातलं नवं शहर

नगर जन्माला कसं येतं, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. तो शिकवताना आम्ही मंडळी वर्षानुवर्षं अथेन्सकडे बोट दाखवत आलो. पण अथेन्स जन्माला येताना कुणी पाहिलेलं नाही. त्याबद्दल जे काही आहे ते नगर उभं राहून शतकं उलटल्यावर लिहिलेलं. सहाराच्या वाळवंटात मात्र गेल्या पंधरा-सतरा वर्षांत आपल्या डोळ्यांदेखत वस्त्या उभ्या राहिल्या आहेत. जिथे कालपर्यंत उंटांचा कळपसुद्धा थांबत नव्हता, तिथे आज हजारोंनी माणसं आहेत. कारण एकच, सोनं. आज आपण त्या वस्त्यांबद्दल बोलणार आहोत, आणि प्रश्न मात्र तोच जुना ठेवणार आहोत: यांना शहर म्हणायचं का?

आधी एक खुलासा. सोन्याची खाण म्हटलं की आपल्याला कोलार आठवतं: कंपनी, पाळणा, भोंगा, पगाराची नोंदवही. आज बोलायचंय ते याच्या अगदी उलट प्रकाराबद्दल. चार-सहा माणसं एकत्र येतात, पहार, हातोडा, छिन्नी, दोर, बॅटरी आणि पाण्याचे कॅन घेतात आणि दगडातली सोन्याची शीर शोधत खाली उतरतात. जगभरात दीड ते दोन कोटी माणसं या हाताच्या खाणकामावर जगतात आणि दरवर्षी निघणाऱ्या नव्या सोन्यापैकी सुमारे पाचवा हिस्सा ती काढतात असा अंदाज आहे. म्हणजे हा किरकोळ धंदा नव्हे.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला, अटलांटिक समुद्राला लागून मॉरिटानिया नावाचा देश आहे. जवळजवळ सगळा वाळवंट. राजधानी न्वाकशॉत आणि उत्तरेकडचं बंदर न्वादिबू, या दोन शहरांना जोडणारा डांबरी रस्ता २००५च्या सुमारास पूर्ण झाला. २०१२ साली सरकारने या रस्त्याच्या साधारण मध्यावर शामी नावाचं शहर वसवायचं ठरवलं. आखणी झाली, सरकारी इमारती झाल्या, घरं बांधली गेली. सगळं झालं, पण माणसं येईनात. येतील कशाला? रस्त्यावर पेट्रोल भरायला थांबणं वेगळं आणि तिथे संसार मांडणं वेगळं.

मग २०१६च्या एप्रिलमध्ये बातमी पसरली की तिथून पूर्वेला, इंशिरी भागात, जमिनीच्या वरच्या थरातच सोनं सापडतंय. हा भाग सोन्याचा आहे हे माहीत होतंच. तासियास्तची मोठी यांत्रिक खाण तिथेच आहे आणि ती कॅनडातल्या किन्रॉस कंपनीकडे आहे. पण हाताने, स्वतःसाठी सोनं काढता येतं ही गोष्ट सामान्य माणसासाठी नवी होती. दुकानदार, शिक्षक, विद्यार्थी, टॅक्सीवाले सगळे निघाले. धातू शोधणारी यंत्रं मिळेनाशी झाली. सरकारने आधी मज्जाव केला, मग काही आठवड्यांतच परवाने द्यायला सुरुवात केली. आणि शामी, जे सरकारला माणसांनी भरता आलं नव्हतं, ते भरलं.

पण सोनं शामीत नव्हतंच, हे लक्षात घ्या. ते होतं दूर, वाळवंटात आत. मग माणसं शामीत का जमली? याचं उत्तर कळायला सोनं निघतं कसं ते थोडं सविस्तर बघावं लागेल. तत्त्वज्ञानाच्या माणसाने दगड कसा दळतात हे सांगावं, याचं काहींना नवल वाटेल. पण आमच्या मते या विषयातलं निम्मं तत्त्वज्ञान त्या दळण्यात आहे.

सुरुवातीचे काही महिने सोपे असतात. यंत्र जमिनीवरून फिरवायचं, ते वाजलं की उकरायचं; नशीब असेल तर गुंजभर-दोन गुंजा सोनं हातात येतं. हे वरचं सोनं लवकर संपतं. मग खाली जावं लागतं. पांढऱ्या गारगोटीच्या शिरा खडकात उतरत गेलेल्या असतात, त्यांच्या मागे माणूस उतरतो. दहा मीटर, वीस मीटर, कधी त्याहून खूप खोल. आधाराला लाकूड नाही, कारण वाळवंटात लाकूड कुठून येणार? भिंत ढासळली की माणसं आत राहतात. वर आलेला दगड पोत्यात भरतात. दगड चांगला असला तरी त्यात टनाला तोळा-दोन तोळे सोनं, तेही डोळ्यांना न दिसणारं. ते सोडवायचं तर दगडाचं पीठ करावं लागतं. त्यासाठी गिरणी. गोल हौदात दोन जड लोखंडी चाकं फिरतात, खाली दगड भरडला जातो, त्यात पाणी सोडतात आणि पारा ओततात. पारा सोन्याला धरून ठेवतो, माती वाहून जाते. मग तो लगदा फडक्यातून पिळतात. हातात उरते ती चांदीसारखी दिसणारी गोळी. ती तापवली की पारा उडतो आणि सोनं राहतं.

आता बघा, या सगळ्या साखळीत वाळवंटाला न परवडणारी गोष्ट कोणती? पाणी. खाणीत लागतं ते फक्त पिण्यापुरतं. गिरणीला लागतं भरपूर. म्हणून दगड पाण्याकडे येतो. पोती गाडीत भरून कित्येक किलोमीटर आणली जातात, जिथे पाणी आहे किंवा निदान टँकर पोहोचू शकतो तिथे. गिरणी तिथे बसते. गिरणीसाठी डिझेल लागतं, सुटे भाग लागतात, वेल्डिंगवाला लागतो. पोती घेऊन आलेला माणूस आपला नंबर लागेपर्यंत दोन-तीन दिवस थांबतो, कारण पोती सोडून जाण्याइतका विश्वास कुणावर नसतो. तो थांबतो म्हणून चहा लागतो, भाकरी लागते, अंथरुण लागतं, मोबाइल चार्ज करायची सोय लागते. सोनं निघालं की ते तिथेच विकायचं असतं, म्हणून तराजू घेऊन बसलेला व्यापारी येतो. झालं शहर. वाळवंटातलं सोन्याचं शहर खाणीवर वसत नाही, ते गिरणीवर वसतं. खाणीजवळ असतो तो तळ. शीर संपली की ताडपत्री गुंडाळून तो पुढे जातो.

हीच गोष्ट सुदानमध्ये अधिक ठळक दिसते. खार्टूमच्या उत्तरेला नाईल नदी एक प्रचंड वळण घेते, त्या वळणावर अबू हमद नावाचं जुनं, झोपाळू गाव होतं. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाळवंटातून आगगाडी नेली ती इथपर्यंत; त्यानंतर शंभर वर्षं तिथे सांगण्यासारखं फारसं काही घडलं नाही. २००८नंतर जगात सोन्याचा भाव चढत गेला आणि आसपासच्या वाळवंटात माणसं यंत्रं घेऊन फिरू लागली. जुलै २०११मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला, तेव्हा देशाच्या तेलापैकी सुमारे तीन चतुर्थांश उत्पादन त्याच्याकडे गेलं. सरकारच्या तिजोरीत खड्डा पडला आणि जमिनीतल्या खड्ड्यांकडे सरकारचं लक्ष गेलं. काही वर्षांतच सोनं ही सुदानची मुख्य निर्यात झाली आणि त्यातलं बहुतांश सोनं असंच, हाताने काढलेलं. अबू हमदजवळ नदी होती, म्हणून गिरण्या तिथे आल्या. गिरण्या, दुकानं, खाणावळी, सोन्याचे व्यापारी यांच्या या बाजाराला तिथे ‘सूक’ म्हणतात, म्हणजे बाजारच. लोक त्याला गाव म्हणत नाहीत, बाजार म्हणतात. हे नाव आपण जरा लक्षात ठेवू.

कारण ॲरिस्टॉटल नेमकं इथेच आपल्याला अडवतो. ‘पॉलिटिक्स’मध्ये तो म्हणतो की माणसं जवळजवळ राहिली, एकमेकांशी देवघेव केली, कुणी सुतार, कुणी शेतकरी, कुणी चांभार असे हजारो जण एकत्र आले, सौद्यात फसवणूक होऊ नये म्हणून नियमही केले, तरी तेवढ्याने नगर होत नाही. नगर जगण्याच्या गरजेतून जन्माला येतं खरं, पण टिकतं ते चांगलं जगण्यासाठी. आणि चांगलं जगणं म्हणजे काय हे जिथे माणसं मिळून ठरवतात ते नगर. बाकी सगळा बाजार. (याच ॲरिस्टॉटलने कष्टकऱ्यांना आणि गुलामांना त्या ठरवण्यातून बाहेर ठेवलं, हे विसरून चालणार नाही. त्याची कसोटी आपण घेऊ, त्याची यादी नको.) त्याच ग्रंथात तो राजा मिडासची गोष्टही काढतो: हात लावेल त्याचं सोनं होतं आणि तो उपाशी मरतो. वाळवंटात पोत्यावर बसून पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

तेव्हा प्रश्न असा करू: या वस्त्यांत कोण काय ठरवतं?

काही गोष्टी लोक स्वतःच ठरवतात, आणि फार शहाणपणाने. बहुतेक ठिकाणी रोजंदारी नसते, वाटा असतो. एकजण खर्च करतो: धान्य, पाणी, डिझेल. बाकीचे उतरतात. निघालेल्या सोन्यातून खर्च वजा करायचा आणि उरलेलं ठरल्याप्रमाणे वाटायचं. आपल्याकडच्या अर्धेलीने केलेल्या शेतीसारखंच आहे हे. काही निघालं नाही तर खाणाऱ्याचे श्रम गेले आणि सावकाराचे पैसे. लिखापढी नसते, तरी हिशेब चोख असतो. म्हणजे ही माणसं नियमांशिवाय राहतात असं नाही.

पण हे नियम टिकतात ते सोनं थोडं असेपर्यंत. फार निघालं की बंदूक येते. दारफूरमध्ये जबल आमिर नावाचा डोंगर आहे. २०१२ साली तिथे सोनं सापडलं आणि दूरदूरहून हजारो माणसं आली. जमीन बनी हुसैन या टोळीची. जानेवारी २०१३मध्ये त्यांच्यावर उंटपाळ रिझेगात अरबांनी हल्ला केला. शेकडो माणसं मेली, एक लाखाच्या आसपास लोक घरदार सोडून पळाले. डोंगर मूसा हिलाल या टोळीप्रमुखाच्या ताब्यात गेला. २०१७च्या अखेरीस मोहम्मद हमदान दगालो, ज्याला सगळे हेमेदती म्हणतात, त्याच्या निमलष्करी दलाने हिलालला पकडलं आणि डोंगर आपल्याकडे घेतला. या सोन्याने त्या दलाचं बळ वाढवलं आणि एप्रिल २०२३मध्ये तेच दल सुदानच्या लष्कराविरुद्ध युद्धात उतरलं. ते युद्ध आज लाखो माणसांच्या मुळावर आलं आहे. लॉक म्हणतो की निसर्गात जो आपले श्रम मिसळतो, वस्तू त्याची होते. जबल आमिरमध्ये श्रम मिसळले एकाने आणि मालक झाला दुसराच.

आणि सोनं? ते दुबईला जातं. काही सरळ, काही शेजारच्या देशांतून चोरवाटेने. वितळलं की सोन्याला पूर्वस्मृती राहत नाही. चाळीस ठिकाणचं सोनं एका मुशीत गेलं की त्याची एकच वीट होते. दुबईतून पुष्कळसं सोनं भारतात येतं, आणि मे २०२२पासून लागू झालेल्या भारत-अमिरात करारात ठरावीक कोट्यापुरती सोन्यावरची आयात जकात एक टक्क्याने कमी केलेली आहे. म्हणजे झवेरी बाजारात किंवा जळगावात घेतलेल्या मंगळसूत्रात जबल आमिरचा कण असेल का, हा प्रश्न कवीकल्पना नव्हे. दसऱ्याला आपण आपट्याची पानं सोनं म्हणून देतो, तेवढंच एक सोनं कुठून आलं ते आपल्याला छातीठोकपणे सांगता येतं.

सोनं गेलं तरी मागे राहतो तो पारा. जगात माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी सगळ्यात मोठा वाटा, सुमारे ३८ टक्के, या लहान सोनेखाणींचा आहे असं संयुक्त राष्ट्रांच्या २०१८च्या अहवालात म्हटलंय. पारा ३५७ अंशांना उकळतो, म्हणजे साध्या गॅसच्या शेगडीवर. तो तापवतात कुठे? खोलीत, दुकानात, चहाच्या टपरीमागे. वाफ दिसत नाही आणि तिला वासही नसतो. हात कापायला लागतात, झोप उडते, चिडचिड वाढते. पोटातल्या बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो. झाकणाचं साधं भांडं वापरलं, ज्यात वाफ नळीतून थंड होऊन परत पारा होते, तर बराच पारा वाचतो आणि छातीही वाचते. तरीही ते भांडं सर्रास वापरलं जात नाही. का? कारण व्यापाऱ्याला आणि विकणाऱ्याला दोघांनाही सोनं वितळताना डोळ्यांसमोर हवं असतं. बंद भांड्यावर विश्वास कोण ठेवणार? विषाचं मूळ अज्ञानात कमी आहे आणि अविश्वासात जास्त, हे आमचं मत.

बरं, पाऱ्याला सगळं सोनं सापडतही नाही. अनेकदा निम्म्याहून जास्त सोनं त्या धुतलेल्या मातीतच राहतं. सुदानमध्ये या मातीला ‘कर्ता’ म्हणतात. गिरण्यांमागे तिचे डोंगर साचतात. आपल्याकडे झारेकरी सराफकट्ट्यावरची माती झाडून नेतात आणि धुऊन तिच्यातलं सोनं काढतात. कर्ता म्हणजे तीच गोष्ट, डोंगराएवढी. कंपन्या ती माती स्वस्तात विकत घेतात आणि सायनाइडने तिच्यातलं सोनं काढतात. खड्ड्यात उतरलेल्याचा वाटा गिरणीपाशी संपतो. उरलेला मोठा वाटा भांडवल नेतं. सायनाइडचं पाणी मात्र तिथेच राहतं, गुरांच्या आणि माणसांच्या शेजारी. शामीचंही तेच. गिरण्यांसाठी सरकारने आवार आखून दिलं खरं, पण पश्चिमेला बाँ दार्ग्वेंचं राष्ट्रीय उद्यान आहे, जिथे दर हिवाळ्यात युरोपातून लाखो पाणपक्षी उतरतात. वारा आवाराची भिंत बघून वाहत नाही.

इथे मला, म्हणजे आपल्या सगळ्यांनाच, एक घटना महत्त्वाची वाटायला हवी. दक्षिण कोर्दोफानमधल्या तलोदी या गावात २०१९मध्ये लोक सायनाइडच्या कारखान्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. तलोदी वाळवंटात नाही आणि नवंही नाही. जुनं, शेतीभातीचं गाव आहे. म्हणूनच आम्ही ते उदाहरण घेतो. तिथे आधीपासून गाव होतं, विहिरी कुणाच्या, गुरं कुठे चरतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ‘आम्हाला हे नको’ म्हणणारे ‘आम्ही’ तिथे होते. सूकमध्ये हे ‘आम्ही’ सहज तयार होत नाही. तिथला प्रत्येकजण मनाने दुसऱ्या गावचा असतो. सोनं मिळालं की घर बांधायचं ते तिकडे, लग्न करायचं ते तिकडे. जिथे राहायचंच नाही तिथल्या हवेसाठी भांडणार कोण?

पण हे कायम असंच राहील असं नाही, आणि याचा दाखला दुसऱ्या एका वाळवंटात आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात १८९२ साली कूलगार्डीला आणि १८९३ साली जवळच कॅलगूर्लीला सोनं सापडलं. तिथेही पाणी नव्हतं. खारं पाणी लाकडं जाळून उकळायचे आणि ते पाणी विकत मिळायचं. सामान उंटांवरून यायचं. त्या उंटवाल्यांना तिथे सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांत बलुची, पंजाबी, सिंधी असे सगळे होते आणि बरेचजण कराचीहून जहाजात चढले होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात! तर या खाणवाल्यांनी सात-आठ वर्षांत काय केलं? पर्थचं सरकार आपलं ऐकत नाही म्हणून संघटना काढली, ‘ऑरेलिया’ नावाची वेगळी वसाहत मागितली, अर्जावर हजारोंच्या सह्या केल्या. १९०० साली ऑस्ट्रेलियाच्या संघराज्यात जायचं की नाही यावर तिथे मतदान झालं, त्यात खाणगावांनी भरभरून ‘हो’ म्हटलं. १९०३ साली पाचशेहून अधिक किलोमीटरवरून नळाने पाणी आलं. ते आणणारा अभियंता ओकॉनर टीकेने खचून आदल्याच वर्षी आत्महत्या करून गेला होता. ज्यांच्या उंटांनी हे शहर जगवलं त्या आशियाई माणसांना खाणीचा परवाना मिळत नव्हता, आणि ज्यांची ती जमीन त्या मूळ रहिवाशांना तर कुणी विचारलंच नाही. तरी त्या अर्धवट नगरातही एक गोष्ट होती: पाणी मागायला तोंड होतं. कूलगार्डीलाही तोच नळ गेला, पण तिथलं सोनं आटलं आणि आज तिथे हजारभरही माणसं नाहीत. कॅलगूर्ली अजून आहे.

सहारातही हे पहिल्यांदा होत नाहीये. इजिप्तमधला, इ.स.पूर्व ११५०च्या सुमाराचा एक पपायरसवरचा नकाशा इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. जगातल्या सर्वांत जुन्या नकाशांपैकी हा एक, आणि त्यात वाळवंटातला सोन्याचा डोंगर दाखवलाय, विहीर दाखवलीय आणि सोनं काढणाऱ्यांची घरंसुद्धा. नवव्या शतकात याकुबी नावाचा अरब भूगोलकार न्युबियाच्या वाळवंटातल्या वादी अल्लाकीबद्दल लिहितो की हे मोठ्या शहरासारखं आहे, अरब आणि बिगर-अरब सगळे इथे मिसळलेत आणि सगळेच सोन्याच्या मागे आहेत. ‘शहरासारखं’, बरं का. त्यालाही सरळ शहर म्हणवलं नाही. त्या वाळवंटातल्या दराहीब इथे आज दगडी किल्ल्यांच्या भिंती आणि आखलेल्या गल्ल्या दिसतात. राहणारं कुणी नाही.

या जुन्या वस्त्यांचं आता काय होतंय तेही सांगतो आणि थांबतो. बयुदा वाळवंटात जबल मरागा नावाची एक जागा आहे, मेरोई काळातली, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षं जुनी छोटी वस्ती. २०२०मध्ये पुरातत्त्व खात्याचे लोक तिथे पोहोचले तेव्हा सोनं शोधणाऱ्यांची दोन यंत्रं खोदत होती. १७ मीटर खोल आणि २० मीटर लांब चर पडला होता. वस्तीचा जवळजवळ मागमूस राहिला नव्हता. तिथल्या खडकात पायराइट आहे, त्यामुळे धातूशोधक यंत्र वाजतं आणि खणणाऱ्याला वाटतं खाली सोनं आहे.

आता प्रश्न घेऊ. शामीतल्या गिरण्या शहरापासून लांब न्याव्यात का, असं एकांनी विचारलंय. तिथूनच सुरुवात करू.